आवाजांची सूची

"फोटो काढलेत म्हणतेय ना! तीन हजार पानं मोबाइलमध्ये आहेत, मावशी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. जाऊ दे ती रद्दी!"

"ओरडू नकोस. बहिरी झालेय, बावळट नाही. सगळं मोबाइलमध्ये आहे, मान्य. पण कुठे आहे?"

दारात रद्दीवाला तराजू घेऊन उभा. माझ्या एकोणीस बहिणी सुतळीने बांधून तयार. विसावी मी, मावशीच्या मुठीत होते म्हणून वाचले. हो, मी सूची बोलतेय. अंगाने किडकिडीत, पण एकोणीस जाडजूड वह्यांना धाकात ठेवणारी.

शिवणयंत्रं दुरुस्त करायला मावशीला कुणी शिकवलं नाही. काय बिघडलं, काय केलं, ते ती रोज लिहायची. पाचवी वही भरली तेव्हा स्वतःनेच लिहिलेली एक गोष्ट तिला दोन तास सापडेना. तिने कपाळावर हात मारला आणि माझ्या कोऱ्या पानांवर अक्षरं टाकली: क, ख, ग.

आधी तिने मशीनच्या भागांची नावं लिहिली. फसली! दारात येणारी बाई कधी म्हणते का, अमुक स्क्रू ढिला आहे? ती म्हणते, "अहो, सारखं खरखरतंय." मावशीने ती पानं टराटरा फाडली आणि मला आवाजांनी भरलं. खरखर, टकटक, कुईकुई, धडधड. प्रत्येकापुढे वही आणि पान. एकाच आवाजाला चौघी चार नावं देतात, म्हणून 'घरघर : खरखर पाहा' अशा वाटा दाखवणाऱ्या ओळीही, आणि आवाज कधी येतो त्याच्याही नोंदी.

आणि लिहिता लिहिता तीच शिकली. 'खरखर'पुढे चौदा पानं लागली. तिने ती सगळी उघडून शेजारी शेजारी मांडली. बारा वेळा कारण एकच: कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली साचलेला कापडाचा भुसा. वह्यांत ते बारा ठिकाणी पडून होतं, पण दिसत नव्हतं. मी एका ओळीत आणलं, तेव्हा दिसलं. तेव्हापासून मशीन उघडण्याआधी ती ब्रश हातात घेते. साठवणं वेगळं, समजणं वेगळं. मधलं काम माझं. गर्व आहे मला, का नसावा?

कान गेले तसं तिने दुकान भाचीच्या हवाली केलं. पोरीचा हात चांगला. पण पिशव्या शिवणाऱ्या बाईंचं मशीन तीन दिवस टेबलावर पडून होतं. खालचा भाग तिने दोनदा उघडून पुन्हा बसवला, आवाज काही जाईना. रद्दीवाला आला त्याच संध्याकाळी बाई येणार होत्या.

"चालव ते. कसला आवाज येतोय?" मावशीने विचारलं.

"कुचकुच!"

मावशीचं बोट 'क'वरून खाली फिरलं. कुचकुच नव्हतंच.

"बघ, नाहीये," भाची म्हणाली.

"तोंड आवर. कधी येतो ते सांग."

"जाड कापड लागलं की. पातळावर गप्प."

बोट 'ज'वर गेलं. 'जाड कापडावरच : वही ११, पान ६३.' सुतळी सोडावीच लागली. भाचीने स्वतःच वाचलं: 'सुईच्या दांड्याचा स्क्रू ढिला. जाड कापडावर दांडा सरकतो. मी चार दिवस खाली शोधत बसले. मूर्खपणा.'

भाचीला हसू फुटलं. तिने स्क्रू आवळला, चौपदरी कापड घातलं. मशीन एका दमात टोकापर्यंत गेलं.

तरी लगेच माघार घेईल ती मावशीची भाची कसली! "एक सापडलं म्हणून सगळं ठेवायचं? तुझे शब्द तुझे. मी उद्याही कुचकुचच शोधणार."

माझ्या कडा तेलाने काळ्या झाल्यात, शिवण दोन ठिकाणी उसवलीय. पण 'क'खाली चार ओळी तेव्हा अजून कोऱ्या होत्या. मला जपून ठेवू नका, माझ्यात भर घाला, एवढंच माझं मागणं. ते मावशीच्या तोंडून आलं. तिने मला पेन्सिलीसकट भाचीपुढे सरकवलं आणि जे वाक्य बोलली, त्याने रद्दीवाला रिकाम्या तराजूने परत गेला:

"मग लिही ना कुचकुच, तुझ्या अक्षरात, म्हणजे तुझ्या मागून येणारीला तीन दिवस लागायचे नाहीत."