आईंनी गाळलेलं तेल

आमच्या सासूबाईंना स्वच्छतेचं वेड आहे, हे लग्नाआधी मला कुणीतरी सांगायला हवं होतं. साबणाची वडीसुद्धा धुऊन ठेवणारी बाई! आणि अशा बाईच्या घरात मी धंदा काढला तो वापरलेल्या तेलाचा. हॉटेलांतून, वेफर्सवाल्यांकडून तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करायचं, पिंपांत भरायचं आणि परदेशी पाठवायचं. तिकडे त्याचं गाड्यांसाठी इंधन करतात. शेड आईंची, म्हणून फर्मही त्यांच्याच नावावर. धावपळ मात्र सगळी माझी.

त्याआधी मी थोरल्या जाऊबाईंच्या कापडदुकानात बसायचे. बसायचे म्हणजे उभी असायचे, बसायच्या त्या. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ही आमच्याकडे मदतीला असते." सख्खी जाऊ, आणि मदतीला! आता माझ्या तेलाला परदेशात खरेदीदार एकच होता. तो गेला की शेडला कुलूप आणि मी पुन्हा त्या दुकानात उभी.

त्या सकाळी तपासनीस आला. नेमलेला परदेशी खरेदीदारानं, पण माणूस इथलाच. नमुन्याची बाटली हातात घेऊन त्यानं पिंपाचं झाकण काढलं आणि आत वाकून बघतच राहिला. मीही वाकले. आत तेल इतकं नितळ की पिंपाचा तळ दिसत होता. दुसरं पिंप उघडलं, तेही तसंच.

"बाई, हे वापरलेलं तेल आहे?"

"म्हणजे काय! कालच हॉटेलांतून..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आई हात पुसत पुढे आल्या.

"मी गाळलंय ते. चौपदरी फडकं लावून, तीनतीनदा. परक्या मुलखात जायचं, आपली अब्रू नको का राखायला? अहो, खुशाल घरी न्या, मुलाबाळांना तळून घाला. काही व्हायचं नाही!"

आमच्या धंद्यात सगळं बोललेलं चालतं, हे एवढं सोडून.

तपासनिसानं बाटलीचं बूच लावून टाकलं. "आजी, तिकडे चांगलं तेल चालत नाही. टाकाऊच लागतं. लोक ताजं तेल वापरलेलं म्हणून खपवतात, म्हणून नियम कडक केलेत. स्वयंपाकाला चालेल अशी शंका जरी आली, तरी माल परत."

"म्हणजे त्यांना घाण हवंय?"

"हो."

"पैसे देऊन?"

"हो, आजी."

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो नियम मीच केला होता. "कसली गं ही माणसं!"

मी हातापाया पडायचीच बाकी राहिले. म्हटलं, गाळलेली पिंपं बाजूला ठेवते, ती पाठवणारच नाही. दुपारी हॉटेलांतून टेम्पो येईल, त्यातलं तेल तुमच्या डोळ्यांदेखत तपासा. तो कसाबसा थांबला. टेम्पो येईपर्यंत आईंनी त्याला चार वेळा पाणी विचारलं आणि दर वेळी पेला त्याच्यासमोर विसळून दिला. मी कपाळाला हात लावला.

टेम्पो आला. पिंप उघडलं. काळंकुट्ट तेल, वर तरंगणारा जळका चुरा आणि डोक्यात जाणारा वास. मला तर ते बघून भरून आलं! आईंचा हात आपसूक फडक्याकडे गेला. मी फडकं ओढून घेतलं.

"मालकीण तुम्ही," तपासनीस त्यांना म्हणाला. "मघाशी बोललातही तुम्हीच. तेव्हा तुम्हीच सांगा, या तेलात स्वयंपाक कराल?"

आईंचा चेहरा पडला. परक्या माणसासमोर स्वतःच्या मालाला घाण म्हणायचं! शेजारणीची वाटी परत करतानाही ती घासून लख्ख करून देणाऱ्या त्या. मला त्यांची खरंच दया आली. म्हणावंसं वाटलं, राहू दे आई, जाईन मी दुकानात.

त्यांनी एकदा पिंपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही याला," त्या म्हणाल्या.

"तसंच लिहू?"

"लिहा. आणि खाली हेही लिहा, की मला गाळू दिलं नाही."

तो पहिल्यांदा हसला आणि त्यानं माल पास केला.

तो गेल्यावर आई नळाखाली हात चोळत बसल्या होत्या. मी जवळ गेले. "आई, फार जड गेलं ना तुम्हाला?"

"जड? जीव गेला माझा." त्यांनी नळ बंद केला. "पण थोरलीच्या दुकानात यायचं मी का सोडलं होतं, ठाऊक आहे? तुला तिथे तशी उभी बघवत नव्हती."

मी तिथेच, उघड्या पिंपाजवळ, हुंदके देऊन रडायला लागले. आईंनी दंडाला धरून मला मागे ओढलं.

"अगं, लांब होऊन रड! तेलात पाणी निघालं तर तो मेला परत येईल."