हडळीच्या टोपलीतले बांगडे

केरू भगताने खाल्लेला कोंबडा भर सभेत तोंडावाटे परत केला. आधी हाडाला मांस आले, मग अख्खी तंगडी ओठांतून बाहेर पडली आणि शेवटी ताट भरले. दीडशे माणसांनी हे डोळ्यांनी पाहिले. पण तसे काही घडलेच नाही. वाडीत आज कुणालाही विचारा, "कंचा कोंबडा?" म्हणून तोच तुम्हाला विचारील. तेव्हा कोंबडा बाजूला ठेवून पडद्यापासून सुरुवात केलेली बरी.

साल १९२९. रत्नागिरीजवळच्या एका कोळवाडीत, सुंभाच्या वखारीला गोणपाटे लावून भर दुपारी अंधार केला होता. पडद्यावर 'हडळीचे माहेर' चालले होते. समुद्रातून एक बाई पाठमोरी, मागे मागे चालत येत होती. केस मोकळे, टाचा पुढे. लाटा तिच्यापासून पळत होत्या. आणि वाळूत पडलेले मेलेले बांगडे एकामागून एक उडी मारून तिच्या टोपलीत जात होते.

वखारीतला एकही माणूस हलला नाही. हलायला जागाही नव्हती, कारण प्रत्येकाच्या मांडीवर शेजारचा बसला होता.

पडद्यामागे आत्माराम पेटी वाजवत होता. चित्र त्याचे, हडळ त्याची, चालही त्याचीच. पूर्वी तो नमन या कोकणातल्या लोकनाट्यात पेटीवर असे. मग मुंबईला एका चित्रपट कंपनीत चार वर्षे काढली आणि एक जुना कॅमेरा घेऊन परत आला. भुताला आधी चाल लावायची आणि मग चालीला शोभेल असे भूत शोधायचे, ही त्याची पद्धत. पहिले चित्र 'विहिरीतला वकील'. त्यात लोक भुताला न घाबरता वकिलाला घाबरले. दुसऱ्यात मेलेली सासू परत आली, तेव्हा तीन सुना बेशुद्ध पडल्या आणि आत्मारामला आपला मार्ग सापडला. या तिसऱ्या चित्रात कोमल रिषभावर बोट ठेवून तो भाता इतका हळू ओढी, की पेटीला दमा लागल्यासारखे वाटे.

हडळ झाली होती वाडीतलीच हिरा. दाजी तांडेलाची बायको, बाजारात मासळी विकणारी. एका लुगड्यावर तिने काम कबूल केले होते.

खेळ संपला आणि केरू भगत उठला.

"माणसाची सावली कशी पडते? काळी! हिची पडली पांढरी! माणसाची सावली पायाशी पडते, हिची भिंतीवर पडली! आन् चालली कशी? उलटी! अरे, मेलेला बांगडा जिच्या हाकेला ओ देतो, ती काय बाई म्हणायची?"

त्या महिन्यात जाळी निम्मी रिकामी येत होती. कारण सापडले. समुद्राची सगळी मासळी हिरा बोलावून घेते, मग जाळ्यात काय राहणार?

वाडीचा पुढारी रावजी हिशेबी माणूस. तो म्हणाला, "मग तिला होडीतच नेऊ या की! बोलवू दे मासळी." नेली. हिराने घसा बसेपर्यंत हाका मारल्या. एक खेकडा आला, तोही चुकून.

"आज ती रुसली हाय," भगत म्हणाला. "अमावस्येला हिला खाडीपलीकडे सोडा, परत घेऊ नका. तोवर मी हिला मंत्रानं बांधून ठेवतो. दर बुधवारी एक कोंबडा लागंल."

तीन बुधवार झाले. वाडीत आरवणारे इतके कमी झाले, की पहाट कधी होते ते कळेना.

आत्माराम मात्र गप्प होता. आपल्या चित्राला एवढी माणसे घाबरतात, या आनंदात तो रोज पेटी पुसत होता. चौथ्या सोमवारी हिरा त्याच्या पडवीत आली आणि भरलेली टोपली तिने त्याच्यापुढे आदळली.

"घे. तीन आठवडे माझ्या मासळीला कोण हात लावत नाय. सासू माझ्या हातचं पाणी घेत नाय. परवा अमावस्या. तुला ठाव हाय ना ते बांगडे कसे उडाले?"

"ठाव आहे. पण गुपित फोडलं तर माझा धंदा बुडेल गो."

"माझा बुडालाच हाय. तुझा बुडाला तर दुसरी चाल लावशील. मी खाडीपलीकडं काय हडळीची पोरं सांभाळू?"

आत्मारामने बांगड्यांकडे पाहिले. बांगडे त्याच्याकडे पाहत होते. त्याला मान खाली घालावी लागली.

मंगळवारी सकाळी तो कॅमेरा घेऊन भगताकडे गेला. "बुवा, तुमच्या शक्तीचं चित्र काढायचं आहे." भगताने केस विंचरले. त्याने नारळ फोडला, चिलीम ओढली आणि बुधवारचा कोंबडा एक दिवस आधीच मागवून कॅमेऱ्यासमोर शेवटच्या हाडापर्यंत खाल्ला. रात्रभर फिल्म धुऊन आत्मारामने बुधवारी, अमावस्येच्या दुपारी, वखारीत सगळी वाडी गोळा केली. भगत पुढच्या ओळीत बसला. चित्र दाखवायच्या यंत्राचे हँडल हिराच्या हातात होते.

चित्र सुरू झाले. भगत चालत आला, नारळ फोडला, कोंबडा खाल्ला. टाळ्या पडल्या.

मग पडद्यामागून कोमल रिषभ घरघरला आणि हिराने हँडल उलटे फिरवले.

पडद्यावरच्या भगताने हाड तोंडात घातले आणि तंगडी बाहेर काढली. पुन्हा घातले, पुन्हा काढली. ताट भरले. हवेतला धूर चिलमीत शिरला. नारळाची भकले उडून एकमेकांना चिकटली. मग भगत उठला आणि मागे मागे चालत दाराबाहेर गेला.

"अगो बाय!" हिराची सासू सोनूबाई किंचाळली. "ह्याचं पाय उलटं!"

शेजारची माणसे भगतापासून सरकली. दाटीत एवढी जागा कशी झाली, हा खरा चमत्कार.

रावजी हळूच म्हणाला, "केरू, अमावस्या आजच हाय. होडी तयारच हाय. तूच बसतोस की बांधू?"

"अरे मेल्यांनो, मी नाय तो! यंत्र हाय ते! ती बया हँडल उलटं फिरवते, म्हणून उलटं दिसतं! एवढं कळत नाय?"

पेटी थांबली. आत्माराम पडद्याआडून बाहेर आला.

"बुवा, मागच्यांना ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं."

"हँडल उलटं फिरवलं की सगळं उलटं दिसतं!" भगत ओरडला, आणि आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळले.

आत्मारामने हडळीचे चित्र यंत्रात चढवले. "हे काढतानाच मी कॅमेऱ्याचं हँडल उलटं फिरवलं होतं. उलटं काढलेलं आता हिरा उलटं चालवील, म्हणजे सरळ दिसेल. बघा."

तो पेटीवर बसला आणि या खेपेला त्याने लग्नाच्या वरातीची चाल धरली. पडद्यावर हिरा टोपली घेऊन सरळ समुद्राकडे निघाली आणि वाटेत बांगडे वाळूत टाकत गेली. बस्स. एक बाई मासळी सांडत चालली होती. आधी एक जण हसला, मग वखार.

"एवढे बांगडे वाळूत घातलेस?" सोनूबाई उसळली. "ही हडळ नाय, ही उधळी हाय! घरी चल, बघते तुला!" आणि सुनेचा हात धरून तिने तिला आपल्याजवळ बसवले.

"भीती वाटली तर वाटू दे," आत्माराम म्हणाला, "ती वाटावी म्हणूनच मी पेटी वाजवतो. पण माणसाला होडीत बसवण्याआधी हँडल कुणाच्या हातात आहे, तेवढं विचारत जा. तुम्ही विचारायच्या आधीच मी सांगायला हवं होतं. चूक माझी."

दुसऱ्या दिवशी हिराची टोपली दुपारच्या आत रिकामी झाली. आत्मारामचा धंदा मात्र खरोखरच बसला. कुठलेही भूत पडद्यावर आले की लोक ओरडत, "सरळ फिरव रे!" तेव्हा त्याने कचेरीत एक अर्ज दिला. तो असा:

'मेहेरबान मामलेदारसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार भुतांची चित्रे काढून व त्यांस चाली लावून पोट भरतो. आजवर एकाही खऱ्या भुताने अर्जदाराकडे काम मागितलेले नाही. सबब तालुक्यातील समस्त भुते, हडळी व मुंजे यांस नोटीस काढून, दिवसाउजेडी, पेटीवाद्याशिवाय, दोन साक्षीदारांसमोर कचेरीत समक्ष हजर राहण्याचा हुकूम व्हावा. मुदतीत कोणी हजर न झाल्यास ती नाहीत असे धरून, त्यांच्या नावाने कोणत्याही बाईस तिच्या घरातून हलवू नये, ही विनंती. कळावे.'