सोयरिकीआधीची उपासना

माझ्या पंचफुलेला सोनपेठकडच्या बायनाबाईंच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, स्वभावानं गरीब. तरी होकार देण्याआधी मी म्हणाले, त्यांच्या चर्चची उपासना एकदा बघून येते. ते बॅप्टिस्ट चर्च माझ्या माहेरचंच, आणि अडचण तीच होती. मंडळी बहुतेक महारवाड्यातली, बायनाबाईंचं घरही त्यांतलंच; मांगवाड्यातलं आमचं एकच घर. प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा पेला तेव्हा सगळ्यांत एकच असे. तो आमच्याकडे शेवटी यायचा, आणि आमच्यानंतर कुणी त्याला ओठ लावत नसे. लग्न होऊन पालमला गेले ती त्या दारात पुन्हा गेले नव्हते. लेकीला तसं शेवटी बसवायचं नव्हतं.

नामांतराची दंगल होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. चर्चमधली बाकं गेली होती, सगळे सतरंजीवर. पेटीच्या जोडीला ढोलकी. पूर्वी गीताला मी नुसते ओठ हलवायची. आता वाचता येतं, म्हणून पुस्तकात बघून गायले. बसले मात्र सवयीनं दाराशी.

"सरजाबाई, चपलांची राखण करायलाव का?" बायनाबाई म्हणाल्या, आणि हाताला धरून मला पुढं घेऊन गेल्या.

प्रभुभोजनाला ताटात लहान लहान पेले आले, ज्याचा त्याला वेगळा. बरं वाटलं, पण पुरतं नाही. वेगळ्या पेल्यांत कुणाचं मन कसं कळणार?

त्या दिवशी माणसं जास्त होती. ताट मागच्या रांगेपासून फिरत आमच्यापर्यंत आलं तेव्हा एकच पेला उरला होता. तो बायनाबाईंनी उचलला. मी मान खाली घातली.

"घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "अर्धा ठेवा मला."

"आधी तुमी घ्या."

"घ्या हो. पाळकसाहेब थांबलेत."

मी प्याले. उरलेलं त्या प्याल्या, पेल्याची कड न पुसता, आजूबाजूला न बघता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "इथं हे कवापासून?"

"दंगलीच्या साली दोन्ही वाड्यांतली लेकरं घेऊन आमी समदे हितंच दार लावून बसलो होतो. घागर एक, गिलास एक. कोण कुणाआधी प्यालं, कुणी बघितलं न्हाई. मंग नंतर काय बघायचं?" त्यांनी पायात चप्पल सरकवली. "पण तुमच्यावर एक तक्रार हाय माझी."

"काय?"

"अर्धा म्हणले होते मी. तुमी थेंबच ठेवला की."

"साखरपुड्याला पालमला या," मी म्हणाले. "सरबताची घागरच ठेवते तुमच्यापुढं."