पुष्पाचं पान

मी एक जुनी वही आहे. मला उघडून पाहाल तर म्हणाल, हिच्यात काही लिहिलेलंच नाही! मित्रांनो, चूक तुमची नाही. माझ्यात शाईचा एक थेंबही नाही. माझी अक्षरं म्हणजे कागदावर उठलेली टिंबं. ती बोटांनी वाचतात.

तलासरीजवळ, हायवेपासून जरा आत, अंध मुलामुलींची एक निवासी शाळा आहे. तिथल्या सुषमाबाईंना स्वतःलाही दिसत नसे. त्यांनी डहाणूहून खाकी पुठ्ठे करून आणले आणि माझा जन्म झाला. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येकाने निरोपाचं एक पान लिहायचं, अशी प्रथा त्यांनी पाडली. मुलं लोखंडी पट्टीत जाड कागद अडकवून, टोकदार लेखणीने टकटक करत लिहीत. मग बाई ते पान दोरीने माझ्यात ओवत. पानावर वर, ज्याच्यासाठी लिहिलं त्याचं नाव असे. ज्याचं नाव, त्यानेच ते पान वाचायचं. दुसऱ्या कुणी खाली बोट न्यायचं नाही, असा कडक नियम होता.

मला मात्र सगळं ठाऊक असे. घुंगराचा चेंडू विहिरीत आपणच टाकल्याचं जतीन नावाच्या मुलाने एका मित्राच्या पानात कबूल केलं होतं. शाळेला भेट द्यायला पाहुणे आले की बाई मला कौतुकाने त्यांच्या हाती देत. पाहुणे मला उलटी धरत आणि "वा, छान" म्हणत. मला हसू येई.

गंगी आणि पुष्पा यांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. दहावीत असताना पुष्पाला घरी फोन करायची फार ओढ लागली. फोन होता हायवेपलीकडच्या ढाब्यावर. एका दुपारी ती कुणाला न सांगता काठी घेऊन निघाली. गंगीला तिची पावलं ओळखू आली. तिने धावत जाऊन बाईंना सांगितलं. बाईंनी शिपायाला पळवून पुष्पाला परत आणवलं आणि सगळ्यांसमोर झापलं. पुष्पाने गंगीशी अबोला धरला. तो सुटायच्या आतच दिवाळीची सुट्टी लागली आणि गंगी पाड्यावर गेली. तिच्या बापाने तिला पुन्हा शाळेत पाठवलंच नाही, कामाला लावलं. मार्चमध्ये पुष्पाने आपलं पान लिहिलं. वर नाव होतं गंगीचं. नंतर पुष्पा कुठे गेली, ते शाळेत आज कुणालाच माहीत नाही.

वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या. मुलांच्या हाती बोलणारे मोबाईल आले. वाईट नाही ते, पण मला बोटांची सवय होती. कपाट कॉम्प्युटरला हवं झालं आणि मी कोठीत गेले. तिथे माझ्यावर तांदळाची पोती रचली. वर्षानुवर्षं कुणी मला हात लावत नसे. त्या अंधारात मला फार एकटं वाटलं.

गेल्या महिन्यात गंगी आली. अठरा वर्षांनी, घोलवडहून दोन गाड्या बदलून, एकटी. तिथल्या नर्सरीत ती चिकूच्या कलमांसाठी पिशव्यांत माती भरते.

"निरोपाची वही हाय ना अजून?" तिने ऑफिसातल्या रूपेशला विचारलं. "पुष्पाने मना पान लिहिलं असेल, तर तेवढाच वाचून जाते. ती माझ्यावर रागावली होती."

रूपेशने पोती बाजूला केली आणि मला झटकून तिच्या हाती दिलं. किती दिवसांनी बोटं! ती एकेक नाव चाचपत गेली आणि आपल्या नावाशी थांबली. पहिली ओळ तिने हळूच, मोठ्याने वाचली. "गंगी, तू बाईंना सांगितलंस म्हणून..."

पुढे बोट घसरत गेलं. माझा वरचा काठ तेवढा पोत्यांबाहेर राहिला होता; त्यांच्या भाराने खालची सगळी टिंबं सपाट झाली होती.

"ताई, मला वाटलं कोरेच कागद आहेत," रूपेश कसाबसा म्हणाला. त्याने पानावर मोबाईल धरून पाहिला. मोबाईलही काही बोलला नाही.

"राहू दे दादा. तुला कसा कळणार?" गंगी म्हणाली. "रागच होता तिचा. समजलं मना."

तिने मला मिटलं, क्षणभर पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि ती गेली. मी आतून ओरडत होते, पण वहीला तोंड नसतं.

मित्रांनो, आमच्यासारखी पुस्तकं कुठे दिसली तर त्यांना उभी ठेवा, त्यांच्यावर ओझं ठेवू नका. आणि आणखी एक काम करा. त्या पानावरचं पुढचं सगळं मला पाठ आहे. घोलवडला कधी गेलात, तर माती भरणाऱ्या गंगीला शोधा. तिला सांगा की पान तिथे संपलं नव्हतं. पुढे पुष्पाने लिहिलं होतं: "...मी वाचले. रस्त्याच्या मधोमध मला पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. तुला हे सांगायचं राहिलं. बाई तुझी खाट नव्या मुलीला द्यायला निघाल्या होत्या. मी देऊ दिली नाही. रोज तुझी चादर झटकून ठेवते."