रिक्षामागची म्हैस

गंगावेशीतला चमन पेंटर दर रविवारी दैनिकातलं केरबांचं व्यंगचित्र कापून दुकानाच्या भिंतीला चिकटवायचा. चित्रात एक म्हैस असे आणि नगरसेवकापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना ती रवंथ करता करता टोमणा मारी. चमनला ती इतकी आवडली, की १९७८च्या दिवाळीत त्यानं ती एका रिक्षामागं रंगवली. मग दुसरे रिक्षावालेही मागू लागले. म्हशीखाली चमन केरबांची सहीसुद्धा निगुतीनं उतरवी. म्हैस त्यांची, तिथं आपलं नाव कसं घालायचं?

तेविसावी रिक्षा दूधवाल्या पिराजीची. त्यानं म्हशीच्या तोंडी लिहून घेतलं, 'दूध प्यावं तर पिराजीचंच.' पिराजी दुधात पाणी किती घालतो, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. केरबा आता जाहिराती करतात का, अशी पत्रं दैनिकाकडं गेली. संपादकांनी चमनला कळवलं : परवानगीशिवाय म्हैस काढू नये, केरबा सोमवारी स्वतः येतील.

चमनकडं रंगवायला पाट्या भरपूर होत्या, धंद्याची चिंता नव्हती. पण ज्याला मनोमन गुरू मानलं, तोच आता चोर म्हणणार होता.

सोमवारी केरबा आले. दारातल्या पिराजीच्या रिक्षाभोवती त्यांनी सावकाश एक चक्कर मारली.

"सही कुणी केली?"

"मीच, अण्णा. म्हैस तुमची हाय, मग नाव तुमचंच नको व्हय?"

"सही बघून लोकांना वाटतंय, हे मीच बोललो. पिराजीचं दूध मी प्यालोय, चमनभाई. तसलं मी बोलीन व्हय?"

चमननं तिथल्या तिथं सही आणि ते वाक्य काळ्या रंगाखाली घातलं. मग केरबांनी अटी सांगितल्या. जाहिरात नको. आधी विचारायचं. सहीच्या जागी 'केरबांच्या म्हशीवरून, चमन' असं लिहायचं. संपादकांची परवानगी ते स्वतः आणणार होते.

निघताना ते पुन्हा चित्रापाशी थबकले. "माझ्या म्हशीचे दोन्ही कान ताठ हायत. हा डावा मुडपलेला कसा?"

"मागच्या काचेला अडत होता, अण्णा. म्हणून मुडपला."

"बरा दिसतोय की," म्हणून केरबा गेले.

पुढच्या रविवारी दैनिकातल्या म्हशीचा डावा कान मुडपलेला होता. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'कान : चमन पेंटर यांच्यावरून.' चमननं ते चारदा वाचलं, कापून भिंतीला लावलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं कार्ड घेतलं आणि पाटी रंगवावी तशा अक्षरात केरबांना लिहिलं, 'कान वापरण्यास परवानगी आहे. पुढच्या वेळी आधी विचारावे.'