साळखेडीच्या पाटाचा दरवाजा

मी साळखेडीच्या पाटावरचा लोखंडी दरवाजा बोलतोय. इंदूरच्या एका कारखान्यात माझा पत्रा कापला, चौकट जोडली आणि ट्रॅक्टरवर टाकून हातोदमार्गे मला या खोऱ्यात आणलं.

माळव्यात चहूकडे सोयाबीन आणि गहू. साळखेडी मात्र सखल. तिची काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून इथं भात. आश्विनात सगळं खोरं पिवळं होतं. बाहेरचा माणूस म्हणतो, काय शांत गाव! त्याने इथला कोरडा श्रावण पाहिलेला नसतो. तेव्हा बांधाबांधावर कुऱ्हाडी येतात. सख्ख्या भावांनी एकमेकांची तोंडं चिखलात दाबलेली मी पाहिलीत. कारण मी वर गेलो की खालच्या शेतांना पाणी, खाली आलो की वरच्यांना.

वरची जमीन दौलतरावांची. जुन्या काळी इंदूर दरबारच्या फौजेतल्या चाकरीबद्दल त्यांच्या पूर्वजांना मिळालेली. खालची त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाच्या बायकोची, भानुमतीची. दौलतरावांचा मुलगा भूषण याला दोन्ही जमिनींवर कॉलनी काढायची होती. इंदूरजवळच्या राऊ गावाकडे प्लॉट कसे विकले गेले ते त्याने पाहिलं होतं. भानुमती विकायला तयार नव्हती. यंदा पावसाने दडी मारली, तिचा भात नेमका पोटरीत, लोंब्या धरायच्या बेतात आला आणि भूषणने मला खाली पाडून कुलूप घातलं.

"काकी, सही करा, पानी घ्या. सिंपल बात आहे," तो म्हणाला.

भर दुपारी ती कुदळ घेऊन आली. घाव घालून कुलूप फोडलं, चाक फिरवून मला उचललं, मी वरच राहावं म्हणून चाकाला खिट्टी अडकवली. पाणी सुटलं. भूषण मला पुन्हा पाडेल, म्हणून माझ्याखाली दगड सरकवायला ती पाटात उतरली.

भूषण जीपमधून उतरला तो ओरडतच. "हटा तिथून! नाहीतर दरवाजा सोडून देईन हां!"

"सोड," ती म्हणाली. तिला ती नुसती धमकी वाटली. कडेवर खेळवलेलं पोर ते.

त्याने लाथेने खिट्टी उडवली.

मी सगळ्या वजनानिशी कोसळलो. तिचा उजवा हात दगडावर होता. हाड मोडल्याचा आवाज माझ्या पत्र्यातून गेला. ती किंचाळली. दगडाच्या फटीतून पाणी वाहतच राहिलं, लाल होऊन, तिच्या भाताकडे.

"काकी... यार काकी..." भूषणला चाक फिरवता येईना. शेतातले लोक धावले, पहारी घालून त्यांनी मला उचललं. काहींनी तिला इंदूरला नेलं. उरलेल्यांनी भूषणला पाटात पाडून काठ्यांनी, दगडांनी एवढं मारलं की त्याचा जबडा फुटला. जीप पेटवली. दौलतराव मध्ये पडले, तर त्यांचंही डोकं फोडलं.

भानुमतीचा हात मनगटापासून कापावा लागला. पोलिसांनी मला पुरावा म्हणून उपटून आणलं. आता पोलीस ठाण्याच्या आवारात, चेपलेल्या मोटारसायकलींशेजारी गंजत पडलोय.

परवा भानुमती आणि दौलतराव, दोघं मला ओळखायला आली. दौलतरावांच्या डोक्याला अजून पट्टी होती. त्यांनी हात जोडले. "भानुमती, कोर्टात एवढंच सांग, दरवाजा आपोआप पडला. लोखंडाला कसली सजा? पोराची जिंदगी वाचेल."

तिने पदराखालचा हात आणखी आत घेतला. म्हणाली, "दादासाहेब, त्याच्यासाठी मलाही रडू येतं. पण मी खोटं बोलले, तर उद्या पाटात उतरलेल्या दुसऱ्या बाईवर कुणीही खिट्टी काढेल."

दौलतराव तिथेच मातीत बसले.

गावाला पाणी वाटायला मी पुन्हा लागेन. जरूर बसवा मला. फक्त माझ्या चाकाशी एकट्या माणसाचा हक्क ठेवू नका.

कोर्टात मला कुणी विचारणार नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. लाथ मारण्याआधी भूषणने खाली वाकून पाहिलं होतं. तिचा हात त्याला दिसत होता.