चामखिळ्या

"तूच घातलंस त्याला काहीतरी!"

केतनशेठचा आवाज फार्महाऊसची हिरवळ ओलांडून पलीकडच्या लावणीच्या शेतात पोहोचला. त्याच्या पायाशी त्याचा कुत्रा ब्रूनो साबण चघळल्यासारखा फेस गाळत होता. आळ आला होता झाडलोट करणाऱ्या बायजेवर. कारण एवढेच, की काल या कुत्र्याने तिची कोंबडी फाडली आणि तिने त्याचा सात पिढ्यांसकट उद्धार केला होता. शेठने पोलीस चौकीला फोनही लावून टाकला: कामवालीने विष घातलं.

"शेट, आयका तरी..."

"एक शब्द नको!"

पण बायजेचे डोळे कारंज्याच्या काठावर खिळले होते. मळक्या आभाळाखाली तिथे एक चामखिळ्या बेडूक चारी पायांवर उंच उठला होता, भाकरीसारखा टम्म फुगलेला. डोळ्यांमागच्या गाठींतून पांढरा चीक पाझरत होता. सापाला गिळता येऊ नये एवढे अंग फुगवायचे, आणि तरीही कुणी तोंड घातलेच तर ते तोंड पोळून काढायचे: एवढी विद्या त्याला कुणी न शिकवता येत होती. गावचे कुत्रे जन्मात एकदाच असा बेडूक धरते. शेठच्या कुत्र्याला शेक हॅण्ड करता येत होते.

"त्यो बगा तुमचा इख घालनारा," बायजा म्हणाली. "आता मुंडी धरा कुत्र्याची. खाली करा, खाली! पानी घशात जाया नको."

पांढऱ्या विजारीवर लाळ झेलत शेठने मुंडी धरली. बायजेने नळीने जबडा धुतला, फडक्याने जीभ पुसली, पुन्हा धुतला. घटकाभराने ब्रूनो उठला आणि बेडकाला दहा हात वळसा घालून व्हरांड्यात जाऊन बसला.

"आधी सांगायचं ना," शेठ म्हणाला. "जाऊ दे. मिटलं."

"तुमचं मिटलं. चौकीत माझं नाव गेलंय. लावा फोन. सांगा, बायजा नाय, बेडूक व्हता."

शेतातल्या बाया हातातली रोपे तशीच धरून बांधाशी आल्या होत्या. शेठने त्यांच्याकडे पाठ केली आणि फोन लावला.

"बेडूक," तो कुजबुजला. "नाही साहेब... आडनाव नाही. बेडूकच."

"मोठ्यानं बोला की शेट," बांधावरून सोमी ओरडली, "आमाला आयकाया येत नाय!"